संतोषाचा उपदेश कोणी कोणास करावा?

बुद्ध भगवंतांचे नाव घेऊन गरिबाचे तोंड बंद करण्याची एक नवी तऱ्हा हल्ली निघाली आहे. पूर्वी हे काम प्रारब्धाच्या नावावर चाले. "तुझ्या कपाळी हेच लिहिले आहे, बाबा," असे म्हटले की शेतकरी कपाळास हात लावून मुकाट्याने घरी जाई. पुढे पोरे शाळेत जाऊ लागली, कपाळावरचे लिखाण कोणालाच वाचता येत नाही हे त्यांस कळले, आणि प्रारब्धाचे नाणे बाजारात चालेनासे झाले. तेव्हा त्याच खोट्या नाण्यावर दुसरा ठसा मारून ते चालविण्याचा उद्योग सुरू झाला आहे. ठसा कोणाचा, तर ज्याने प्रारब्धवादास भर सभेत खोडून काढिले त्या गोतम बुद्धाचा! आहे की नाही कमाल?

एका बाजारगावी आम्ही हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. मंडप प्रशस्त होता. पुढे गाद्यातक्क्यांवर अडत्ये, व्याजबट्टेवाले, दोनचार बंगलेवाले अशी मंडळी. आणि सतरंजी संपल्यावर जी जमीन उरते तिच्यावर आमचे शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, मजूर. व्याख्याते विद्वान होते, वाणीही गोड होती. ते म्हणाले, "बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेविले आहे की इच्छा हेच दुःखाचे मूळ. मालाला भाव मिळावा ही इच्छाच. मजुरी वाढावी ही इच्छाच. इच्छा सोडा, आहे त्यात समाधान माना, दुःख आपोआप पळेल." पुढची मंडळी माना डोलवीत होती. आमच्या शेजारी बसलेला एक म्हातारा सुतार कानाशी लागून म्हणाला, "भाऊ, औषध चांगलं असंल; पन रोगी तर फुडं बसल्यात. बाटली मागं का धाडत्यात?"

त्या क्षणी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन ग्रंथ काढून पाहिले. पाली ग्रंथांतले सार मराठीत आणण्यासाठी गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी घरदार सोडून लंकेपर्यंत पायपीट केली. त्यांच्या कष्टामुळे आज आपल्याला व्याख्यात्याच्या तोंडाकडे पाहात बसण्याचे कारण उरलेले नाही. जे सापडले ते त्या सुतारबाबांच्या आणि त्यांच्यासारख्या सर्वांच्या पुढे ठेवितो.

पहिली गोष्ट शब्दाची. वाराणसीजवळ मृगदावात, म्हणजे आजच्या सारनाथास, पाच भिक्षूंपुढे जे पहिले प्रवचन झाले त्यात दुःखाचे कारण म्हणून आलेला शब्द 'तण्हा' हा आहे. तण्हा म्हणजे तृष्णा. आपल्या घरातली तहान तिच्याच कुळातली. परंतु सख्ख्या बहिणींचे स्वभावही वेगळे असतात. औत सोडून बांधावर आलेल्या माणसास तहान लागते, तो तांब्याभर पाणी पितो, तहान भागते, तो पुन्हा औतास हात घालतो. ही देहाची गरज झाली. तण्हा म्हणजे जी पिण्याने वाढते ती. मागंदिय नावाच्या परिव्राजकास भगवंतांनी ह्याचा दृष्टांत दिला आहे. महारोगाने अंग झडलेला माणूस जखमा खाजवितो, निखाऱ्यांवर अंग शेकतो. घटकाभर त्यास बरे वाटते, पण जखमा मात्र अधिकच चिघळतात. ह्या खाजविण्याच्या सुखाला तृष्णा म्हणावे. पोरांच्या ताटात भाकरी पडावी, घातलेल्या बियाण्याचे तरी पैसे निघावेत, ह्या वाटण्याला खाज म्हणणारा वैद्य कोणत्या शाळेत शिकला?

भुकेल्याशी स्वतः भगवंत कसे वागले तेही पाहा. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. ह्या मनुष्यास धर्म कळेल असे जाणून भगवान तीस योजने वाट चालून आळवीस आले. गावकऱ्यांनी भिक्षुसंघास जेवू घातले. इकडे नेमका त्या शेतकऱ्याचा बैल हरवला. बैल की बुद्ध, असा प्रश्न पडला. त्याने आधी बैल शोधिला, कळपात नेऊन घातला, आणि मग उपाशीपोटी धापा टाकीत सभेत आला. तोवर जेवणे आटोपून सर्वजण उपदेशाची वाट पाहात बसले होते, पण भगवान गप्प होते. तो येताच त्यांनी विचारिले, अन्न काही उरले आहे काय? आहे असे कळताच त्यास तेथेच बसवून पोटभर जेवू घातले, आणि तो जेवून उठल्यावर धर्म सांगितला. भिक्षू कुरकुरले: शास्त्याने उपदेश थांबवून कोणाचे पान वाढायला लावावे, हे कधी पाहिले नव्हते. त्यांस उत्तर मिळाले की भुकेने पीडलेल्याच्या डोक्यात धर्म शिरत नाही. भुकेएवढा मोठा रोग नाही.

वाचकहो, ह्या गोष्टीतला क्रम ध्यानात धरा. आधी ताट, मग उपदेश. बैल शोधण्यास गेल्याबद्दल त्या शेतकऱ्यास 'तुझी बैलावर आसक्ती फार' असे कोणी म्हटले नाही. आणि आमचे मंडपातले विद्वान? त्यांनी उपदेश आधी वाढला, आणि ताटाचे नाव काढील तो आसक्त!

आता तृष्णेची वाट कोठून कोठे जाते ते पाहू. कुरु देशातल्या कम्मासधम्म गावी भगवंतांनी आनंदास ही साखळी कडीकडीने उलगडून दाखविली आहे. तृष्णेमुळे माणूस शोधाशोध करितो, शोधाने लाभ होतो, लाभ झाला की हे माझे, हे किती, असा हिशेब सुरू होतो, त्यातून लोभ आणि चिकटून बसणे, त्यातून साठा, साठ्यातून कंजूषपणा, कंजूषपणातून राखण, आणि राखणीपायी काठ्या, शस्त्रे, भांडणतंटे, चहाड्या, खोटेनाटे. ही साखळी वाचून आमच्या डोळ्यांपुढे लोखंडी दाराची वखार उभी राहिली. भाव पडला असता भरलेली, भाव चढेपर्यंत कुलूप लावलेली, दारात राखणदार बसविलेली. ज्याचे खळे सुगीच्या दिवशीच रिकामे होते, त्याच्या घरी साठा कोठला आणि राखण कशाची? साखळीच्या मधल्या कड्या ज्यांच्या घरी टांगलेल्या आहेत त्यांस सोडून तिचे शेवटचे टोक गरिबाच्या गळ्यात घालावयाचे, ह्याला धर्म म्हणावे की काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, बुद्धाने संतोषाची थोरवी गायिली आहे, हे तरी खरे ना? होय, खरे आहे. संतोष हे मोठे धन असे त्यांनी सांगितले, आणि आम्हीही ते शिरोधार्य मानितो. परंतु हा उपदेश कोणास, कशाविषयी, हे विचारावयास नको काय? चीवर, भिक्षा, राहाण्याची जागा ह्यांविषयी मिळेल त्यात संतुष्ट असावे, हा नियम भिक्षूस आहे. पक्ष्याचे पंख हेच त्याचे ओझे, तसे भिक्षूचे असावे असा दृष्टांत आहे. भिक्षू आपखुशीने घर सोडतो. त्याच्या मागे जप्तीवाला लागलेला नसतो, म्हातारी आई औषधावाचून पडलेली नसते. जो स्वतःच्या हाताने पंगतीवरून उठला त्याचा उपवास, आणि ज्यास पंगतीत बसूच दिले नाही त्याची उपासमार, ह्या दोहोंस एकच नाव देणे हा शब्दांचा चोरबाजार आहे.

संसारी माणसास भगवंतांनी काय सांगितले तेही ऐका. कोलियांच्या कक्करपत्त गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ येऊन म्हणाला की आम्ही बायकापोरांत राहाणारी, सोनेनाणे वापरणारी माणसे. आम्हांस ह्या लोकी हित होईल असे काही सांगा. त्यास 'सर्व सोड' असे उत्तर मिळाले नाही. शेती असो, व्यापार असो, गुरे पाळणे असो, राजाची चाकरी असो की एखादी कारागिरी असो, आपल्या धंद्यात दक्ष आणि निष्णात व्हावे. घाम गाळून धर्माने मिळविलेले राखावे. भल्यांची संगत धरावी. आणि तराजू तोलणाऱ्याप्रमाणे आय आणि व्यय पाहून जगावे, ना फार उधळे ना फार चिक्कू. राजगृहाच्या सिगालास तर मिळकतीची वाटणीच करून दिली: चार भाग करावेत, एक खावाप्यावा, दोन धंद्यात घालावेत, एक अडीअडचणीस ठेवावा. आम्ही विचारितो, ज्याची मिळकत खाण्यासच पुरत नाही त्याने हे चार भाग कशाचे करावेत? ह्या उपदेशाप्रमाणे वागता यावे एवढ्यासाठी तरी शेतकऱ्यास भाव आणि कारागिरास मजुरी पुरेशी मिळाली पाहिजे. ती मागणे म्हणजे बुद्धाच्या वचनाविरुद्ध जाणे कसे?

अनाथपिंडिकास त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: आपले म्हणून काही असणे, ते भोगणे, कोणाचे ऋण नसणे, आणि हातून पाप न घडणे. चौथे सर्वांत श्रेष्ठ, ह्यात वाद नाही. पण तिसरे काय आहे ते पाहा. ऋण नसणे हे सुख! अंगुत्तरनिकायात एका ठिकाणी तर संसाऱ्यास दारिद्र्य हे दुःख आहे असे स्पष्ट म्हणून पुढची पायरी पायरी दाखविली आहे: दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग, आणि शेवटी बेडी. तेथे हा दाखला शीलाने दरिद्री झालेल्यांस लागू करण्यासाठी दिला आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु दाखला पटतो कधी? ऐकणाऱ्यांच्या घरी तो रोज घडत असतो तेव्हा. ज्याने ही पायरी मोजून दाखविली त्याच्या तोंडी 'कर्जात समाधान मान' हे वाक्य घालणाऱ्यांस काय म्हणावे?

राजाचे कर्तव्यही त्यांनी सोडले नाही. कूटदंत नावाचा ब्राह्मण शेकडो बैल, कालवडी, बोकड बांधून यज्ञास बसला होता. त्यास भगवंतांनी महाविजित राजाची कथा सांगितली. राज्यात लूटमार माजली असता पुरोहिताने राजास सल्ला दिला की नवी पट्टी बसवू नको, फाशी आणि तुरुंग ह्यांनीही हे निपटणार नाही. जे शेती करितात, गुरे राखतात त्यांस बी-बियाणे आणि वैरण दे, जे व्यापार करितात त्यांस भांडवल दे, जे चाकरी करितात त्यांस पोटगी आणि वेतन दे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामास लागले, दंगे थांबले, दारे उघडी टाकून लोक निजू लागले. दुसऱ्या एका सुत्तात उलटी कथा आहे: राजाने दरिद्र्यांस धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी, त्यातून शस्त्र, त्यातून हत्या, त्यातून खोटेपणा. म्हणजे राष्ट्राच्या दुःखाचे मूळ शोधिताना भगवंत गरिबाच्या इच्छेपाशी थांबले नाहीत, राजाच्या कोठारापर्यंत गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात, जो त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला, हेच बजावून ठेविले आहे की बुद्धाने दारिद्र्याची थोरवी गायिली नाही आणि गरिबास गरिबीत तृप्त राहावयास सांगितले नाही.

राहिली इच्छेची गोष्ट. इच्छा मुळीच नको म्हटले तर माणूस हातही हलविणार नाही. उण्णाभ नावाच्या ब्राह्मणास हीच शंका आली होती. कोसंबीच्या घोषितारामात त्याने आनंदास विचारिले की इच्छेनेच इच्छा सोडावयाची तर ह्याला अंत कोठे? आनंद म्हणाले, ह्या आरामात यावे अशी इच्छा तुला आधी झाली ना? येथे पोचल्यावर ती आपोआप शमली ना? झाले तर! काम करवून घेऊन शमणारी इच्छा निराळी. तिला पालीत 'छंद' म्हणतात, आणि सिद्धीच्या चार पायांत तिचीच गणना पहिली आहे. दुसऱ्या ठिकाणी तर भगवंत म्हणतात की दोन गोष्टींचे मोल मी अनुभवाने जाणिले: चांगल्या गोष्टींत असमाधान, आणि प्रयत्नात माघार न घेणे. असमाधान! ज्या महापुरुषाच्या नावावर आम्हांस समाधानाच्या गोळ्या चारल्या जातात, त्याने असमाधानाचे ऋण असे उघड मान्य केले आहे. आणि सर्व सुखदुःख पूर्वकर्मानेच येते म्हणणाऱ्यांस त्यांनी स्पष्ट सांगितले की असे मानिले तर हे करावे, हे करू नये, ह्याला अर्थच उरत नाही. पित्त, कफ, वात, ऋतूचा बदल, दुसऱ्याचा मार, अशीही कारणे त्यांनी नावे घेऊन सांगितली. तेव्हा ज्याचे दुःख दुसऱ्याच्या काट्यातल्या पाषाणाने आले, त्याने काटा तपासावा. मन तपासून तो पाषाण हलका होत नाही.

इथपर्यंत वाचून आमचे काही बांधव खूष होतील. पण थांबा, औषध पुढच्या रांगेस हवे म्हणून मागच्या रांगेस रोगच नाही असे आम्ही म्हणत नाही. सिगालास धनाच्या नाशाची सहा दारे दाखविली आहेत: दारू, अवेळी भटकणे, तमाशे, जुगार, वाईट संगत, आळस. ह्यांतले एखादे दार आपल्या गावात उघडे नाही काय? शेजाऱ्याने लग्नात पाचशे पाने उठविली म्हणून आपण हजार उठवावयाची, आणि त्यासाठी रानाचा तुकडा गहाण टाकावयाचा, ही भूक नव्हे. ही ती खाज! सावकाराची तृष्णा आपल्या घरात शिरते ती ह्याच फटीतून. येथे संतोष हवा, आणि तो कोणी मंडपातून सांगण्याची वाट पाहू नये.

खरा संतोष कसा असतो ह्याचा नमुना आनंदापाशी आहे. उदयन राजाच्या राण्यांनी त्यांस पाचशे वस्त्रे दिली. राजा रागावून विचारू लागला, एवढ्या वस्त्रांचे करणार काय, दुकान मांडणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे फाटली त्यांस वाटू. मग जुन्यांचे? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीचे अभ्रे. अभ्र्यांच्या जागी निघालेल्यांचे? जमिनीची बिछायत, मग पायपुसणी, मग झाडण. आणि तीही झिजली की चिंध्या कुटून चिखलात कालवून लिंपणास वापरू. आयाबहिणींनो, धडप्याची गोधडी करणाऱ्या तुम्हांस ही गोष्ट नवी वाटेल काय? हा संतोष आहे: वाटून घ्यावे, वाया घालवू नये, साठवून कुजवू नये. मंगलसुत्तात संतोष हे मंगल म्हटले, तेथेच हातची कारागिरी, आईबापांची सेवा, बायकापोरांचा सांभाळ आणि बिनघोळाचे कामही मंगलात धरिले आहे. एक घ्यावे आणि बाकीची गाळावी, असे नाही.

शेवटी एक गोष्ट गंभीरपणे सांगावयाची आहे. भाव मिळाला, कर्ज फिटले, तरी म्हातारपण, आजार, मरण, माणसांची ताटातूट ही दुःखे राहाणारच. बंगल्यातही तीं आहेत. त्यांच्यासाठी भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला. माणसास एक बाण लागतो, त्याची वेदना होते. अजाण माणूस त्यावर शोक आणि संताप करून मनात दुसरा बाण रुतवून घेतो. आमच्या कर्जबाजारी बांधवांचे असेच होते. कर्ज हा पहिला बाण. "मी नालायक, मी तोंड दाखविण्यास उरलो नाही" ही लाज हा दुसरा. तृष्णेचे तीन प्रकार सांगितले आहेत: भोगांची, कायम टिकण्याची, आणि तिसरी, सारे संपून जावे अशी. विदर्भात, मराठवाड्यात किती घरांचे कर्ते पुरुष ह्या तिसरीच्या तोंडी गेले! त्यांस दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही. पण जे जिवंत आहेत त्यांस सांगतो: पीक बुडणे हे पाप नव्हे, भाव पडणे हा तुमचा गुन्हा नव्हे. हा दुसरा बाण तरी आजच उपटून टाका. एकट्याने निघत नसेल तर शेजाऱ्यास हाक मारा. आणि शेजाऱ्यांनो, ज्याच्या घरी चूल थंड दिसेल तेथे उपदेश घेऊन जाऊ नका. आळवीच्या गोष्टीतल्याप्रमाणे भाकरी घेऊन जा, मग बोला.

पहिला बाण मात्र मिटल्या डोळ्यांनी निघावयाचा नाही. तो काढण्यास हिशेब शिकला पाहिजे, पावती मागितली पाहिजे, सोसायटी आपल्या हाती ठेविली पाहिजे, बाजारात एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले पाहिजे. आणि पुन्हा कोणी मंडपात उभा राहून बुद्धाच्या नावाने संतोष वाटू लागला, तर भीड न धरिता उठून म्हणावे: महाराज, वचन शंभर नंबरी आहे, पहिला घोट पुढच्या रांगेस द्या, आम्ही थांबतो!